जुनी मराठी फाइल वाचवायची कशी: अक्षरांमागचे आकडे ओळखण्यापासून युनिकोडपर्यंत

मुंबईतल्या बहुतेक मराठी मंडळांच्या, ग्रंथालयांच्या, पतपेढ्यांच्या आणि गृहनिर्माण संस्थांच्या कपाटात एखादी जुनी सीडी किंवा पेन ड्राइव्ह सापडतोच. त्यात सुवर्णमहोत्सवी स्मरणिका असते, सभासदांची यादी असते, इतिवृत्तं असतात, कधी एखाद्या दिवंगत कार्यकर्त्याचं सगळं लेखन असतं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी गिरगावात किंवा दादरला डीटीपी करून घेतलेला हा मजकूर आज कुणी नवा कार्यकर्ता उघडतो आणि पडद्यावर गिचमिड उमटते. फाइल खराब झाली असं समजून ती बाजूला ठेवली जाते. बहुतेक वेळा ती खराब झालेली नसते. हा लेख त्या नव्या कार्यकर्त्यासाठी आहे.

काहीही करण्याआधी फाइलची प्रत काढा आणि मूळ फाइलला हात लावू नका. गिचमिड दिसत असताना 'सेव्ह' दाबणं हे सगळ्यांत मोठं नुकसान आहे. ते का, हे पुढे येईलच.

पायरी १: संगणक अक्षर साठवत नाही, हे मनाशी पक्कं करा

संगणकात 'क' नसतो. एक आकडा असतो, आणि त्या आकड्यासाठी कोणतं चित्र काढायचं हे फाँट ठरवतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा द्यायचा, या करारालाच एन्कोडिंग म्हणतात. आपली सगळी भानगड त्या करारांच्या इतिहासातून आलेली आहे, त्यामुळे तो थोडा तरी माहीत हवा.

अमेरिकेत १९६३ साली ॲस्की हा करार ठरला. तो सात बिटांचा होता (बिट म्हणजे ० किंवा १ मावेल एवढी एक जागा), म्हणजे ० ते १२७ असे १२८ आकडे. पहिल्या आवृत्तीत इंग्रजीची फक्त मोठी अक्षरं होती. लहान अक्षरं १९६७ च्या सुधारणेत आली. १२८ पैकी ३३ आकडे यंत्राला हुकूम देण्यासाठी होते (ओळ बदल, घंटा वाजव) आणि उरलेल्या ९५ मध्ये इंग्रजी अक्षरं, अंक, विरामचिन्हं आणि मोकळी जागा. मोठा 'ए' ६५, लहान 'ए' ९७. इंग्रजीला तेवढं पुरलं. फ्रेंच आणि जर्मनलासुद्धा ते पुरेसं नव्हतं, मग मराठीचं काय विचारता.

पुढे आठवा बिट वापरात आला आणि १२८ जागा वाढल्या. त्या जागांवर प्रत्येकाने आपापला तक्ता बसवला. पश्चिम युरोपचा तक्ता १९८७ साली आंतरराष्ट्रीय प्रमाणक झाला. सिरिलिक, अरबी, ग्रीक, हिब्रू यांचे वेगळे तक्ते झाले. त्यामुळे २२४ हा आकडा पश्चिम युरोपच्या तक्त्यात डोक्यावर तिरकी रेघ असलेला 'ए' होतो, सिरिलिकच्या तक्त्यात रशियनचा 'र' होतो आणि हिब्रूच्या तक्त्यात आलेफ. नुसता खोली क्रमांक लिहिला आणि चाळीचं नावच लिहिलं नाही, तर पोस्टमनने काय करायचं? साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आपण कोणत्या तक्त्यातलं आहोत हे लिहिलेलं नसतं. या आठ बिटी मालिकेतला बारावा भाग देवनागरीसाठी राखला होता, पण १९९७ साली तो नाद सोडून देण्यात आला. चीन आणि जपानला हजारो अक्षरं लागतात, म्हणून त्यांनी दोन-दोन बाइट (एक बाइट म्हणजे आठ बिट) जोडण्याची वाट आधीच धरली होती: जपानने १९७८ साली, चीनने १९८० साली.

पायरी २: लक्षण पाहून रोग ओळखा

नवख्या माणसाला सगळी गिचमिड सारखीच वाटते. तशी ती नसते. पाच प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

*चौकोन किंवा डबे दिसतात.* फाइल ठणठणीत आहे, तुमच्या यंत्रावर योग्य फाँट नाही इतकंच. नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्याच एक टाइप या संस्थेने घडवलेला मुक्त यांसारखा मोफत फाँट बसवा. काम झालं.

*बऱ्याच इंग्रजी अक्षरांवर चिन्हं चढलेली दिसतात, आणि एकच नक्षी परत परत येते:* तिरकी रेघ असलेला 'ए', मग चार काटे फुटलेलं छोटं वर्तुळ किंवा जपानी येनचं चिन्ह, मग आणखी काहीतरी. हे चित्र डोळ्यांत साठवून ठेवा. हा मजकूर शुद्ध युनिकोड (जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीचा एकच तक्ता) मराठी आहे, फक्त तो पश्चिम युरोपच्या तक्त्याने वाचला जातोय. युनिकोडचे आकडे बाइटांत लिहिण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. पहिला बाइट नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५. त्या तक्त्यात २२४ म्हणजे तो रेघवाला 'ए', १६४ म्हणजे काट्यांचं वर्तुळ, १६५ म्हणजे येन. नोटपॅडच्या 'ओपन' खिडकीत खाली एन्कोडिंग निवडायची जागा असते. तिथे यूटीएफ-८ निवडून फाइल पुन्हा उघडली की मराठी दिसतं.

अशी नक्षी दिसत असताना कुणी आधीच 'सेव्ह' करून बसलं असेल, तर उलटा प्रवास करावा लागतो: दिसणारी चिन्हं पुन्हा त्याच तक्त्याने आकड्यांत बदलायची आणि ते आकडे यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. हे होतं, पण नेहमी पूर्ण होत नाही. विंडोजच्या त्या पश्चिम युरोपीय तक्त्यात १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच जागा रिकाम्या आहेत. 'ु' चा तिसरा बाइट १२९ असतो, पाय मोडण्याच्या खुणेचा १४१, 'ए' चा १४३, 'ऐ' चा १४४ आणि 'झ' चा १५७. काही प्रोग्राम या रिकाम्या जागी काहीच ठेवत नाहीत. मग दुरुस्त केलेल्या मजकुरात पहिले उकार गळालेले आणि जोडाक्षरं फुटलेली आढळतात. दुरुस्तीनंतर नेमकी हीच अक्षरं तपासा.

*प्रश्नचिन्हांची रांग दिसते.* इथे मात्र मजकूर गेला. मराठी मजकूर 'एएनएसआय' (विंडोजचा जुना आठ बिटी तक्ता) प्रकारात सेव्ह केला की ज्या अक्षरांना त्या तक्त्यात जागा नाही त्यांच्याऐवजी खरोखरीचं प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. त्यातून मागे येता येत नाही. दुसरी प्रत, छापील पान किंवा जुना ईमेल शोधा.

*मात्रा किंवा वेलांटी एका ठिपक्यांच्या वर्तुळावर टांगलेली दिसते.* फाइल युनिकोडच आहे, पण चिन्हांचा क्रम चुकलाय. हे बहुधा अर्धवट कन्व्हर्टरचं, म्हणजे जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रामचं काम असतं.

*इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, पण वरची ती येनवाली नक्षी नसते, आणि वाचली तर काहीच अर्थ लागत नाही.* मुंबईतल्या जुन्या डीटीपी फाइलींचं हेच मुख्य दुखणं. त्यासाठी पुढची पायरी.

पायरी ३: जुन्या फाँटची फाइल सोडवा

भारताकडे स्वतःचा करार नव्हता असं नाही. इस्की नावाचा करार भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली प्रमाणक म्हणून काढला, आणि त्याआधी १९८३ व १९८८ च्या आवृत्त्या होत्या. तो मनापासून विचार करून केलेला करार होता: खालच्या अर्ध्या भागात ॲस्की जशीच्या तशी, वरच्या भागात भारतीय वर्ण, मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ या सगळ्यांत एकाच वर्णाला एकच आकडा, आणि साठवण उच्चाराच्या क्रमाने. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं, भारतीय लिप्यांसाठी संगणकात बसवायचं जिस्ट कार्ड याच पद्धतीवर चालायचं.

पण स्मरणिका आणि लग्नपत्रिका जिथे तयार व्हायच्या त्या दुकानांत पेजमेकर आणि कोरल ड्रॉ हे पानं जुळवायचे प्रोग्राम होते. त्यांना इस्कीतल्या आकड्यांवरून जोडाक्षर कसं घडवायचं हे कळत नव्हतं. मग फाँटवाल्यांनी सरळ उपाय केला. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले, जणू शिशाचे खिळेच इंग्रजी खणांत भरले. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतीदेव, सी-डॅकचे डीव्ही मालिकेतले फाँट. प्रत्येकाचे खण वेगळे. छपाई सुंदर व्हायची. मराठी छपाईवर त्या फाँटांचे उपकार आहेतच, आणि तेव्हा दुसरा मार्गही नव्हता. फक्त संगणकाला शेवटपर्यंत कळलं नाही की हा मजकूर मराठी आहे.

जवळून पाहा. कृतीदेवमध्ये 'मराठी' हा शब्द इंग्रजीतल्या ई, जे, के, मोठा बी आणि एच या पाच अक्षरांनी साठवला जातो. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ, एच म्हणजे दुसरी वेलांटी. फाँट काढून घेतला की उरतात पाच इंग्रजी अक्षरं. त्या फाइलमध्ये 'मराठी' शोधाल तर कधीच सापडणार नाही.

अडचण एवढीच असती तर अदलाबदलीचा एक तक्ता पुरला असता. पण हे फाँट दिसण्याच्या क्रमाने साठवतात आणि युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. 'शिवडी' मध्ये पहिली वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून जुन्या फाइलमध्ये ती 'श' च्या आधी असते. युनिकोडमध्ये ती 'श' नंतर हवी. 'कुर्ला' चा रफार जुन्या फाइलमध्ये 'ला' चा काना देऊन झाल्यावर, अगदी शेवटी येतो. युनिकोडमध्ये तो 'र' आणि पाय मोडण्याची खूण म्हणून 'ल' च्या आधी यायला हवा. शिवाय कृतीदेवमध्ये ख, घ, ध, भ, ण, श ही अक्षरं अर्धं रूप आणि काना असे दोन तुकडे जोडून बनतात. कच्चा कन्व्हर्टर तो काना तसाच ठेवतो.

म्हणून काम या क्रमाने करा:

फाँटचं नेमकं नाव शोधा. जुनी फाइल वर्ड किंवा पेजमेकरमध्ये उघडा, मजकूर निवडा आणि फाँटच्या खिडकीत काय लिहिलंय ते वहीत उतरवून घ्या. एकाच फाइलमध्ये शीर्षकांचा फाँट वेगळ्या घराण्याचा असू शकतो. त्याचा मजकूर वेगळा बदलावा लागेल.

त्याच फाँटसाठी बनवलेला कन्व्हर्टर वापरा. एका कंपनीच्या दोन मालिकांचे खणही वेगळे असू शकतात, त्यामुळे 'जवळपासचा चालेल' असं इथे करू नका. सभासदांचे पत्ते आणि खाते क्रमांक असलेला मजकूर कोणत्याही अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नका. स्वतःच्या यंत्रावर चालणारा कन्व्हर्टर शोधा.

आधी एकच पान बदला आणि त्यात अवघड शब्द घाला. माझ्या मते यासाठी रेल्वे स्थानकांच्या नावांसारखी दुसरी कसोटी नाही: शिवडी, कुर्ला, विक्रोळी, वडाळा, मुंब्रा, ग्रँट रोड, सँडहर्स्ट रोड. 'शिवडी' त वेलांटीची जागा कळते, 'कुर्ला' त रफाराची, 'विक्रोळी' त वेलांटीनंतरचं जोडाक्षर आणि 'ळ', तर 'सँडहर्स्ट' मध्ये अर्धचंद्रावरचा अनुस्वार आणि जोडाक्षरावर चढलेला रफार एकाच शब्दात. ही ओळ त्या जुन्या फाँटमध्ये टाइप करून कन्व्हर्टरमधून काढा. सातही नावं नीट आली तर पुढे जा.

इंग्रजी शब्द वेगळे ठेवा. पत्त्यातले इंग्रजी शब्द आणि ईमेल कन्व्हर्टरने मराठी समजून बदलले की वाट लागते.

शेवटी छापील प्रत शेजारी ठेवून एका माणसाने मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने पडद्यावर पाहावं. प्रुफं अशीच तपासली जायची आणि याला आजही पर्याय नाही. आकडे विशेष तपासा. अक्षर चुकलं तर डोळ्याला खटकतं, वर्गणीचा आकडा चुकला तर खटकत नाही.

फाइलच नसेल, फक्त छापील पान असेल, तर स्कॅन करून ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घ्या. टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्राम मराठी ओळखतो. स्कॅन ३०० डीपीआयला काढा.

पायरी ४: युनिकोड आतून कसं दिसतं ते एकदा पाहून घ्या

१९८८ साली झेरॉक्समधल्या जो बेकर यांनी जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी एकच तक्ता असावा असा मसुदा मांडला. १९९१ च्या जानेवारीत युनिकोड कन्सॉर्शियम स्थापन झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिली आवृत्ती आली. सोळा बिट, म्हणजे ६५,५३६ जागा पुरतील असा सुरुवातीचा अंदाज होता. तो चुकला, आणि १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून जागा अकरा लाखांच्या वर नेल्या. आज त्यात दीड लाखाहून जास्त चिन्हं आहेत.

देवनागरीचा विभाग १९८८ च्या इस्कीवरून घेतला. त्यात १२८ जागा आहेत, २३०४ पासून २४३१ पर्यंत. 'मुंबई' शब्द असा साठवला जातो: म २३५०, ु २३६९, ं २३०६, ब २३४८, ई २३१२. पाच आकडे. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइट, एकूण पंधरा.

आता यातल्या प्रत्येक आकड्यात ३८४ मिळवा. गुजराती लिपीतलं 'मुंबई' तयार होतं. इस्कीने सगळ्या भारतीय लिप्यांना एकच क्रम दिला होता, तो युनिकोडने १२८-१२८ च्या टप्प्यांनी तसाच मांडला. गुजराती देवनागरीच्या तीन टप्पे पुढे आहे. भुलेश्वरच्या गल्लीत एका पाटीवर दोन लिप्या शेजारी पाहिल्या की मला हा ३८४ आठवतो, आणि इस्की घडवणाऱ्यांबद्दल आदर वाटतो.

आकडे ठरले तरी ते बाइटांत कसे लिहायचे हा प्रश्न उरतो. यूटीएफ-८ ची युक्ती केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदी चटईवर मांडली. जुनी ॲस्की फाइल एकही बाइट न बदलता वैध यूटीएफ-८ ठरते, आणि मोठ्या आकड्यांच्या पहिल्या बाइटवरून पुढे किती बाइट येणार हे कळतं. २२४ आला की एकूण तीन. पुढचे बाइट कायम १२८ ते १९१ मधले असतात, त्यामुळे मधूनच वाचायला सुरुवात केली तरी अक्षराची सीमा सापडते. जगभरातल्या संकेतस्थळांनी शेवटी हीच पद्धत घेतली. तुम्हीही प्रत्येक मराठी फाइल सेव्ह करताना हीच निवडा.

पायरी ५: नवं लेखन युनिकोडमध्येच करा

विंडोज २००० पासून विंडोजमध्ये मराठीची सोय आहे. तेव्हा सोबत आलेला मंगल हा फाँट मुंबईचे सुलेखनकार आणि पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला. म्हणजे फाँट विकत घेण्याची गरज नाही. सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा आणि कीबोर्ड जोडला की झालं.

टायपिंग नव्याने शिकत असाल तर इन्स्क्रिप्ट शिका. १९८६ साली ठरलेली ही मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांना चालते: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. टाइपरायटरच्या मांडणीची सवय असलेल्यांनी ती सोडायची गरज नाही. त्या मांडणीने युनिकोड टाइप करता येतं. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणंही चालेल. मांडणी कोणतीही असो, आत साठणारा आकडा एकच असतो.

वर्डमध्ये मजकूर निवडून भाषा 'मराठी' ठेवा, 'हिंदी' नको. काही फाँट त्यावरून 'ल' आणि 'श' ची मराठी वळणं दाखवतात.

पायरी ६: दिसायला एक, आत दोन

कन्व्हर्ट झालेल्या फाइलवर सहसा कुणी करत नाही असं हे काम आहे, आणि शोधाशोधीचा सगळा भरवसा त्यावर आहे.

'ॲप', 'ॲड' मधलं 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याचा आकडा २४१८. त्याआधी लोक 'अ' लिहून त्यावर चंद्र काढत. दोन्ही सारखं दिसतं, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. सभासदांच्या यादीत 'ॲड.' लिहून वकील शोधाल तर जुन्या पद्धतीने लिहिलेले सगळे वगळले जातील. फाइंड-रिप्लेस वापरून सगळीकडे एकच 'ॲ' करा.

'बँक' मध्ये तसंच. काही कीबोर्ड एकच चंद्रबिंदूचं चिन्ह देतात, काही आधी चंद्र आणि मग वेगळा अनुस्वार. पतपेढीच्या नोंदींत हा शब्द किती वेळा येतो याचा विचार करा. मी एकच चंद्रबिंदू ठेवते, कारण बहुतेकांच्या हातून तोच पडतो.

मग आपला मराठीचा खास ऱ्य, ऱ्ह. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक लिपीत टिकलाच पाहिजे. तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो: 'ऱ' हे अक्षर आणि पाय मोडण्याची खूण, किंवा साधा 'र', पाय मोडण्याची खूण आणि एक अदृश्य जोडचिन्ह. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून 'र' ची कळ दाबली की 'ऱ' मिळतो. तीच तऱ्हा घ्या. अदृश्य चिन्ह ईमेलमध्ये किंवा फॉर्ममध्ये गळून पडलं तर 'वऱ्हाड' चं 'वर्हाड' होतं, आणि टाइप करणाऱ्याचा काहीच दोष नसतो.

पायरी ७: एक्सेल, एसएमएस आणि ऑनलाइन फॉर्म

सभासदांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) आली आणि एक्सेलमध्ये ती येनवाली नक्षी दिसली, तर दोनदा क्लिक करून उघडू नका. 'डेटा' मध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' वर जा आणि 'फाइल ओरिजिन' मध्ये ६५००१ हा क्रमांक निवडा, तोच यूटीएफ-८. पाठवताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' प्रकारात सेव्ह करा.

नावं अकारविल्हे लावताना नुसत्या आकड्यांच्या क्रमावर भरवसा ठेवू नका. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल' च्या लगेच पुढे आहे, आपल्या वर्णमालेत तो 'ह' नंतर येतो. भाषेचा वर्णक्रम पाळणारी सोय प्रोग्राममध्ये असेल तर तीच घ्या.

एसएमएस इंग्रजीत १६० अक्षरांचा असतो. त्यात एक जरी देवनागरी चिन्ह आलं तरी मर्यादा ७० वर येते, आणि ती चिन्हांची असते: 'मुंबई' ला पाच लागतात. लांब संदेश तुकड्यांत जातो आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च चिन्हं मावतात. वार्षिक सभेची सूचना मराठीतच पाठवा, फक्त आधी हा हिशेब करा आणि खर्च तसा मंजूर करून घ्या.

फॉर्ममध्ये नाव कापलं जात असेल तर बाइटांची मर्यादा हे कारण असू शकतं. 'लक्ष्मीकांत' डोळ्याला चार अक्षरांचं, पण आत ११ चिन्हं आणि ३३ बाइट. तीस बाइटांचा रकाना शेवटचा 'त' खातो. फॉर्म बनवणाऱ्याला सांगताना 'मराठी चालत नाही' असं न सांगता 'रकाना बाइटांत मोजताय, तो वाढवा' असं सांगा. नेमकं सांगितलं तर काम होतं.

पायरी ८: रुपया आणि मोडी

रुपयाचं ₹ हे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं गेलं. ते उदयकुमार यांनी रेखाटलं, जे तेव्हा पवईच्या आयआयटीत शिकत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडमध्ये त्याला जागा मिळाली. मधल्या काळात इंग्रजी कळेच्या खणात हे चिन्ह बसवलेले फाँट फिरले. त्या दिवसांतल्या हिशेबाच्या फाइलींत रकमेआधी एक सुटी उलटी तिरकी टिकली दिसली, तर तिच्या जागी रुपयाचं चिन्ह घाला.

घरात किंवा मंडळाकडे मोडीतले कागद असतील तर त्यांचीही आता सोय आहे. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावावरून मोडी लिपी २०१४ साली, ७.० या आवृत्तीत आली. नोटो सान्स मोडी हा मोफत फाँट बसवा. मोडीची अक्षरं मात्र पहिल्या ६५,५३६ जागांच्या पलीकडे आहेत, म्हणून यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला चार बाइट लागतात. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये नुसतं 'यूटीएफ-८' नावाने मिळणारा जुना प्रकार तीनच बाइट घेतो. देवनागरीला तीन पुरतात, त्यामुळे वर्षानुवर्षं काही कळत नाही आणि पहिली मोडी ओळ भरताना नोंद अडते किंवा कापली जाते. ग्रंथालयाची सूची तयार करणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा की 'यूटीएफ-८-एमबी-४' हा प्रकार निवड. नोंदी भरून झाल्यावर तो बदलायचा म्हणजे आधी सगळ्या माहितीची प्रत काढून मग एकेक तक्ता बदलत बसावं लागतं.

काम संपलं तरी मूळ सीडीतली फाइल, तिचा फाँट, नवी युनिकोड फाइल आणि छापील पानांचे स्कॅन असे चारही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. फाँटचं नाव, कोणता कन्व्हर्टर वापरला आणि कोणत्या पानांचं वाचन झालं, हे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहा आणि तीही यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा.